आफ्रिकेतील मैदानी शिकार आणि हाती भरलेले काडतूस

दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांत साधारण मे ते ऑगस्ट हा हिवाळ्याचा काळ शिकारीस सर्वांत सोयीचा मानला जातो. गवत वाळून खाली बसलेले असते, झुडपांची पाने झडलेली असतात आणि जनावरे पाणवठ्यांभोवती फिरू लागतात. या दिवसांत अमेरिका आणि युरोपातून येणारे बहुसंख्य शिकारी सिंह किंवा हत्तीसाठी आलेले नसतात. कुडू, गेम्सबॉक, इंपाला, स्प्रिंगबॉक, विल्डबीस्ट, झेब्रा, वॉर्टहॉग अशा प्राण्यांची शिकार त्यांना करावयाची असते. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे पाच ‘मोठे’ वगळून उरलेल्या या प्राण्यांना तिकडे ‘प्लेन्स गेम’, म्हणजे मैदानी शिकार, असे नाव आहे. यांतील अनेक शिकारी बाजारातील तयार काडतुसे न आणता स्वतः घरी भरलेली काडतुसे आणतात. या उद्योगाला ‘हँडलोडिंग’ म्हणतात.

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्राइमर, आतील बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. एकदा झाडलेल्या पुंगळीला साच्यातून काढून पुन्हा आकार देता येतो, जुना प्राइमर काढून नवा बसवता येतो आणि मोजून दारू व गोळी भरता येते. यात पैशांची बचत होते हे खरे, पण मुख्य कारण वेगळे आहे. कारखान्याचे काडतूस त्या जातीच्या प्रत्येक रायफलमध्ये, अगदी जुन्या व झिजलेल्या रायफलमध्येही, निर्धोकपणे चालले पाहिजे. घरचे काडतूस एकाच रायफलच्या मापाने शिवलेले असते. तयार कपडा आणि शिंप्याकडून बेतून घेतलेला कपडा यांत जो फरक, तोच येथे.

कोणती गोळी घ्यावी, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अडचण अशी, की एकाच दिवशी सकाळी स्प्रिंगबॉक आणि दुपारी ईलँड समोर येऊ शकतो. स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाएवढा, तीस-चाळीस किलोंचा. कुडूचा नर नीलगायीच्या मोठ्या नराइतका, दोनशे ते अडीचशे किलोंच्या घरातला. ईलँडचा पूर्ण वाढलेला नर तर सातशे किलोंच्याही पुढे जातो. लहान प्राण्याचे मांस अकारण फाटू नये आणि मोठ्या प्राण्याच्या खांद्याचे हाड भेदून गोळी आत जावी, या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. शहाणे शिकारी अशा वेळी मोठ्या प्राण्याचा विचार आधी करतात. लहान प्राण्याला जड गोळी लागली तर फार बिघडत नाही. मोठ्याला हलकी लागली तर बिघडते.

मऊ शिसे आणि त्यावर तांब्याचे पातळ आवरण अशी जुनी गोळी जवळच्या अंतरावर, जास्त वेगाने हाडावर आदळली की फुटून तिचे तुकडे होतात आणि ती खोल जात नाही. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला कॅनडात ब्रिटिश कोलंबियातील मूसच्या शिकारीत हाच अनुभव आला. त्याने पुढच्याच वर्षी अशी गोळी बनवली, की जिच्या पोटात तांब्याचाच आडवा पडदा होता. पुढचा कप्पा उमलतो आणि मागचा शाबूत राहून आत शिरतो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी आजही विकली जाते. पुढे आवरणाशी शिसे सांधलेल्या गोळ्या आल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस शिसे अजिबात नसलेल्या, निव्वळ तांब्याच्या गोळ्याही आल्या. मैदानी शिकारीसाठी आज या तिन्हींपैकी एखादी निवडण्याकडे कल असतो.

रायफल मात्र फार मोठी लागते असे नाही. १९०६ सालचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस १८० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमच्या गोळीसह बहुतेक सर्व मैदानी प्राण्यांना पुरते. त्याहून जुने, १८९२ सालचे ७×५७ माउझर हे जर्मन लष्करी काडतूस इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी या नावाने प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची होती. ईलँडसारख्या अवाढव्य प्राण्यासाठी काही जण १९१२ सालचे .३७५ एच अँड एच पसंत करतात.

गोळी ठरली की दारूचा प्रश्न येतो, आणि येथे हौशीपणाला मुळीच जागा नाही. .३०-०६ या काडतुसासाठी अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६० हजार पौंड आहे. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड हवा असते, यावरून कल्पना यावी. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. म्हणून दारूचे प्रमाण केवळ दारू व गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घेतात. तिच्यातील कमाल आकड्यापासून नव्हे, तर किमान आकड्यापासून सुरुवात करून प्रमाण अगदी थोडे थोडे वाढवत जातात. प्रत्येक पायरीला दोन-तीन काडतुसे झाडून पुंगळी तपासायची. प्राइमर चपटा झाला, पुंगळीच्या बुडावर चमकदार ओरखडा उमटला किंवा बोल्ट उघडताना जड गेला, तर मागे फिरायचे. ही चिन्हे दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा ओलांडलेली असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. शेजारी क्रोनोग्राफ हे वेगमापक यंत्र असते. पुस्तिकेत दिल्याहून वेग अधिक येऊ लागला, तर ती खूश होण्याची नव्हे, सावध होण्याची खूण असते.

आफ्रिकेच्या बाबतीत या हिशेबात हवामानाची भर पडते. कलहारीत हिवाळ्यातील पहाटे पारा शून्याखाली जातो आणि दुपारी ऊन तापते. उघड्या गाडीत उन्हात राहिलेले काडतूस हवेपेक्षा कितीतरी गरम होते. दारू गरम झाली की जलद जळते आणि दाब वाढतो. युरोपच्या थंडीत कमाल मर्यादेपर्यंत भरलेले काडतूस लिंपोपोच्या दुपारी घातक ठरू शकते. ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट दारू आली, तेव्हा भारत आणि आफ्रिकेच्या उष्णतेत ती जास्त दाब निर्माण करते असे आढळले. इंग्रज बंदूककारांनी .४५० नायट्रो एक्सप्रेससारखी लांबलचक पुंगळ्यांची, मुद्दाम कमी दाबाची काडतुसे बनवण्यामागे हे एक कारण होते. आता तापमानाचा परिणाम कमी होणाऱ्या दारू मिळतात. तरीही अनुभवी माणसे कमाल मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबतात. सेकंदाला दहा-पंधरा मीटर वेग कमी झाल्याने कुडूला फरक पडत नाही.

अचूकतेच्या वेडाचेही तसेच. शंभर मीटरवर तीन गोळ्या एकाच छिद्रातून जाव्यात म्हणून महिनोन्‌महिने खटपट करणारे असतात. शिकारीत दीड इंचाच्या वर्तुळात तीन गोळ्या पडल्या तरी पुरे. कारण तेथे टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम धरायचा नसतो. लाकडी तिकाटण्यावर रायफल टेकवून, धापा टाकत, शंभर-दोनशे मीटरवर काही क्षणांत गोळी झाडायची असते. त्यापेक्षा प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये विनासायास जाते की नाही, हे निघण्यापूर्वी पाहणे अधिक मोलाचे. त्यासाठी पुंगळीला पूर्ण लांबीपर्यंत मापात आणतात.

नामिबियात कायद्यानेच किमान ऊर्जा ठरवून दिली आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान प्राण्यांसाठी १,३५० जूल, कुडू, गेम्सबॉक, ईलँड यांच्यासाठी २,७०० जूल आणि हत्ती व रानरेड्यासाठी ५,४०० जूल. वर उल्लेखिलेली १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघाली तर सुमारे ३,९०० जूल ऊर्जा देते. मधल्या अटीत ती सहज बसते, मोठ्या अटीत बसत नाही.

या सगळ्या खटाटोपामागे एक कठोर व्यवहारही आहे. रक्ताचा थेंब दिसला की प्राण्याची किंमत देय होते, मग तो हाती लागो वा न लागो, असा तेथील प्रघात आहे. झेब्रा किंवा विल्डबीस्ट पोटात लागलेल्या गोळीने कोसळत नाही. तो कळपाबरोबर मैलोन्‌मैल चालत राहतो आणि माग काढणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत काट्यांतून फिरवतो. आफ्रिकी हरणांचे हृदय छातीत खाली, पुढच्या पायांच्या रेषेत असते. अमेरिकी हरणाच्या सवयीने खांद्यामागे नेम धरणारा शिकारी नेमका येथे चुकतो, आणि ही चूक कोणतेही काडतूस भरून काढत नाही. शिशाच्या गोळीचा आणखी एक बळी असतो, तो म्हणजे गिधाड. मागे टाकलेल्या आतड्यांतील शिशाचे कण त्याच्या पोटात जातात. डायक्लोफेनॅकने भारतातील गिधाडांचे काय झाले हे ठाऊक असलेल्यांना तांब्याच्या गोळीचा आग्रह समजावून सांगावा लागू नये.

प्रवासाचे नियमही आधीच पाहावे लागतात. विमानात दर प्रवाशी पाच किलोपर्यंतच काडतुसे नेता येतात, तीही चढवलेल्या सामानात. काही कंपन्या मूळ कारखान्याच्या वेष्टनाचा आग्रह धरतात आणि तेथे घरची काडतुसे अडतात. दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर पोलिसांकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. त्यावर प्रत्येक रायफलमागे दोनशे काडतुसांची मर्यादा असते. भारतीय नागरिकासाठी पहिली अट त्याहून अलीकडची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत, आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे.