आमचं टाकं कधीच भरत नाही!

वऱ्हाडात घराचं कौतुक सांगताना काही गोष्टी हमखास कानावर येतात. विहिरीला भर मे महिन्यातही पाणी असतं. भिंती जुन्या, दीड हात रुंद आहेत. आणि मग थोडा आवाज चढवून, "आमचं संडासचं टाकं वीस वर्षांत एकदाही उपसावं लागलं नाही!" पहिल्या दोन गोष्टींना मीही मान डोलावतो. तिसरी ऐकली की मात्र मला दीडशे वर्षांमागचा एक फ्रेंच गृहस्थ आठवतो.

त्याचं नाव झाँ-लुई मुरास. फ्रान्समधल्या वेसूल नावाच्या गावी त्याने साधारण 1860 च्या सुमारास घराशेजारी एक बंद टाकं बांधलं आणि घरातली सगळी घाण नळाने त्यात सोडली. बारा-एक वर्षांनी टाकं उघडलं तेव्हा आत मैल्याचा ढीग असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. निघालं ते बहुतेक नुसतं पाणी! आबे म्वान्यो या विज्ञानप्रेमी धर्मगुरूच्या मदतीने मुरासने 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे 1895 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तसंच सुधारलेलं टाकं बांधलं आणि त्याला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. सेप्टिक म्हणजे कुजवणारं. हवा नसलेल्या टाक्यात जंतू मैला कुजवतात आणि त्याचं पाणी आणि वायू होतात, अशी ही कल्पना. सुरुवातीला तर या टाक्यात सगळंच विरघळून जातं, असा अनेकांचा समज होता.

तर मंडळी, 'टाकं भरतच नाही' हा समज टाक्याच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. आपल्या काकांनी तो शोधून काढलेला नाही.

ही कल्पना आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी 1890 मध्ये आश्रम सुरू झाला होता. तिथल्या टाक्यातून निघणाऱ्या वायूवर 1897 मध्ये दिवे पेटवले गेले! गोबर गॅसच्या इतिहासात हा प्रयोग आजही सांगतात. योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. देशभरातले वकील-पुढारी कापसाच्या या गावी जमले होते. पण आपल्याकडच्या गावांत तेव्हा, आणि पुढेही कित्येक वर्षं, संडास म्हणजे टोपलीचा संडास. वाड्याच्या मागे एक अरुंद बोळ. त्या बोळात उघडणारं छोटं दार. सकाळी तिथून कुणीतरी येऊन टोपली घेऊन जायचं, आणि ते 'कुणीतरी' कोणत्या जातीचं हे गावाने आधीच ठरवून ठेवलेलं. घरातल्या माणसांना त्याचा चेहराही दिसू नये अशीच ती रचना होती.

या व्यवस्थेवर ज्यांनी थेट हात घातला ते आपल्याच मातीतले. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुढचं सगळं आयुष्य हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून भंडावायचं. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. तिकडे वर्धा नदीपलीकडे 1935 च्या सुमारास गांधीजी आणि त्यांचे सहकारी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात रोज सकाळी मैला उचलायला जात होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून हट्ट धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपास केला. या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. घाण ज्याची, जबाबदारीही त्याची.

स्वातंत्र्यानंतर नळ आले, सिमेंट आलं, आणि हळूहळू टोपली जाऊन टाकं आलं. टाक्याने माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरवली हे खरंच मोठं काम झालं, त्याबद्दल वाद नाही. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतातल्या सुमारे 38 टक्के घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते आणि गटारीला जोडलेले सुमारे 33 टक्के. म्हणजे हे काही एखाद-दुसऱ्या गल्लीचं प्रकरण नव्हे.

आता त्या न भरणाऱ्या टाक्याकडे येऊ.

टाक्यात तीन थर होतात. वर तेल-साबणाची साय, मध्ये पाणी, तळाशी गाळ. जंतू गाळाचा बराच भाग कुजवतात, पण सगळा नाही. रेती, राख, केस, न कुजणारे तंतू तळाशी साठतच जातात. मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडून शोषखड्ड्यात मुरायचं असतं. बाहेर पडतं तेही शुद्ध नसतं, रोगजंतू त्यात असतातच. गाळ वाढला की पाण्याला जागा कमी उरते, ते आत पुरेसं थांबत नाही आणि घाण तशीच बाहेर जाते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा, असं सरकारी मार्गदर्शिका सांगतात.

मग वीस वर्षं न भरणाऱ्या टाक्याचं काय? बहुधा दोनपैकी एक. एक तर त्याला तळच नाही, किंवा आहे तो फुटलेला आहे, आणि पाणी सरळ जमिनीत जातं. नाहीतर त्याचा पाइप गुपचूप नालीला जोडलेला आहे. आपली काळी माती इथे आणखी घोळ घालते. पावसाळ्यात ती फुगून गच्च होते, पाणी मुरू देत नाही, आणि शोषखड्डा उलटा भरून येतो. उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बांधकाम तडकतं आणि घाण पाणी त्या वाटांनी खाली उतरतं. ज्या विहिरीचं कौतुक आपण आधी सांगितलं, ती त्याच अंगणात असते, हे विसरू नका! पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर गोडं पाणी आधीच मोलाचं. ते असं नासवणं परवडणारं नाही.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे.

वेळेवर उपसलेलं टाकं पातळ असतं. सक्शनची गाडी येते, नळी टाकते, अर्ध्या-एक तासात काम होतं. कुणालाही आत उतरावं लागत नाही. वीस वर्षं न उपसलेल्या टाक्याचा तळ मात्र घट्ट झालेला असतो. नळीने तो ओढला जात नाही. मग कुणीतरी म्हणतं, "एक माणूस उतरवा, फावड्याने सैल करू." आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं. म्हणजे वास गेला असं वाटतं तेव्हाच मरण जवळ असतं. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो... वर्तमानपत्रात आपण वाचतो ते हेच.

आणि उतरणारा माणूस कोण असतो? तोच. मागच्या बोळातून टोपली नेणाऱ्याचा नातू-पणतू. टोपली गेली, पण त्याची सुटका झाली नाही. आपण फक्त त्याचं येणं रोजच्याऐवजी वीस वर्षांनी एकदा केलं, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त जीवघेणं केलं.

1993 चा कायदा मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. 2013 च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं, आणि तो घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. रक्कम वाढली याचा अर्थ मरणं थांबली नव्हती.

यावर उपाय काही अवघड नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने 2018 पासून शहरातली टाकी तीन वर्षांत एकदा, वॉर्डावार, ठरवून उपसायला सुरुवात केली. टाकं तुंबायची वाट बघायची नाही. गाळावर प्रक्रिया करणारं केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं. एका लहान गावाला जे जमलं, ते आपल्या शहरांना न जमण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. टाक्याची झाकणं फरशीखाली गाडू नयेत. ती कुठे आहेत ते घरातल्या पोरांनाही माहीत असावं. ॲसिड आणि फिनाइलचा मारा कमी करावा, त्याने आतले जंतू मरतात. कपडा, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड आत टाकू नयेत. शेवटचं टाकं कधी उपसलं ती तारीख मीटरच्या पेटीवर खडूने का होईना, लिहून ठेवावी. आणि गाडी आली की आपण स्वतः बाहेर उभं राहावं, झाकणं उघडी असेपर्यंत, कुणीही आत उतरणार नाही हे बघत.

गाडगेबाबांच्या नावाने आपल्याकडे विद्यापीठ आहे, नगर आहे, 2000 साली ग्रामस्वच्छता अभियानही सुरू झालं. खराटा मात्र अजून बहुतेक दुसऱ्याच्याच हातात आहे. असो. यंदाच्या 20 डिसेंबरच्या आत जमलं तर अंगणातलं झाकण एकदा उघडून बघा.