निखाऱ्यावरचा रोडगा



मराठीत भाजणे हे क्रियापद फार राबवले जाते. भाकरी भाजतात, वांगे भाजतात, शेंगा भाजतात, विटा भाजतात, आणि बेकरीवाला पावही भाजतोच. तळणे, परतणे, उकडणे ह्यांना आपण वेगवेगळे शब्द दिले. पण तव्यावरची क्रिया, निखाऱ्यावरची क्रिया आणि भट्टीतली क्रिया ह्या तिन्हींसाठी एकच शब्द ठेवला. हा भाषेचा आळस नव्हे. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास त्या एका शब्दात दडलेला आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

भाजून केलेले पक्वान्न म्हणजे परक्यांची देणगी, आपल्याकडे तव्यापलीकडे काही नव्हते, असे सुशिक्षित मंडळींत सर्रास म्हटले जाते. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, हे खरेच. तो खाणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातही इतकी दृढ होती की, मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. पाव परका होता, हे मान्य करू. पण भाजणे परके नव्हते. ते आपल्या ह्याच मुलखात किमान नऊशे वर्षे चाललेले आहे.

त्याचा पुरावा जवळचाच आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आपला धाराशिवचा प्रदेश त्या वेळी ह्याच चालुक्यांच्या अमलाखाली होता. राजाने काय खावे, हे सांगणारे ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण त्यात आहे. गव्हाच्या पदार्थांत तेथे मंडक येतो, म्हणजे आपला मांडा, पोळिका येते, आणि तिच्या शेजारीच अंगारपोळिका येते. अंगार म्हणजे निखारा. निखाऱ्यावर भाजलेली ती अंगारपोळिका. राजाच्या ताटात ती होती, तेव्हा कुणब्याच्या शेतात ती नव्हती असे मानण्याचे कारण नाही; उलट शेतातूनच ती राजवाड्यात गेली असावी, असे मला वाटते.

मांड्याचीही गोष्ट तशीच. मांडा तव्यावर होत नाही, त्याला खापर लागते. मुक्ताबाईला कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही, म्हणून ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तर एक साधी गोष्ट उरते: भाजण्याचे भांडे मिळू न देणे हासुद्धा बहिष्काराचा एक मार्ग होता.

अंगारपोळिकेची आजची बहीण म्हणजे रोडगा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ आणि तेलाचे मोहन घालून ते घट्ट मळावयाचे, गोळे करावयाचे, गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे फुलले की त्या धगीत ते पुरावयाचे, आणि अधूनमधून फिरवावयाचे. करपलेले कवच सोलले, राख झटकली, की आतला गाभा तुपाबरोबर खावयाचा. कोणी तोच गोळा पानांत गुंडाळतात, त्याला पानगा म्हणतात. राजस्थानची बाटी ह्याच कुळातली. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा ह्यांचा नैवेद्य होतो. आपल्या जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गच्या खंडोबामुळे हा दिवस मोठा. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी त्या दिवसापासून पुन्हा पानात येतात. रोडगाही निखाऱ्यात, वांगेही निखाऱ्यात. भांडे म्हणून काही लागतच नाही.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात जे भारूड रचले, त्यात सासुरवासाने गांजलेली सून भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते आणि त्या बदल्यात एकेक सासरचा माणूस दूर करण्याची मागणी करते. लोक हसतात. पण नवसाला तिने रोडगाच का धरला, इकडे कोणी लक्ष देत नाही. साखर, केशर, मोठे भांडे तिच्या ताब्यात नव्हते. मूठभर पीठ आणि चुलीतली राख, एवढेच तिचे होते.

आता खरा प्रश्न. निखाऱ्यावर भाजण्याची विद्या जर इतकी जुनी, तर घरोघरी भट्टी का झाली नाही? आळस, अडाणीपणा अशी उत्तरे मी ऐकली आहेत. ती चुकीची आहेत. उत्तर दोन गोष्टींत आहे: धान्य आणि सरपण.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. काही सहस्र वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत अशी रुजली की परदेशी म्हणून कोणी तिला ओळखत नाही. ज्या मालदांडीवर आपला मुलूख जगला, ती ३५-१ ही निवड शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या शेती केंद्रावरची. परंतु गव्हात ग्लूटेन नावाचे जे चिवट द्रव्य असते, ते ज्वारीत नाही. तिचे पीठ ताणले जात नाही, फुगे धरून ठेवत नाही. म्हणून तिचा पाव होत नाही. काथवटीत पीठ तळहाताने रगडावयाचे, थापावयाचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, आणि उलटून झाल्यावर भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवून उभी करावयाची. तेव्हा ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. म्हणजे भाकरीचे पहिले अर्धे आयुष्य तव्यावर आणि दुसरे निखाऱ्यावर जाते. हीच आपली घरगुती भट्टी.

आणि सरपण? ह्या माळरानात लाकूड नाही. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या हेच जळण. तुऱ्हाटी भडकते आणि विझते. तिच्यावर भाकरी होते, पण जाड भिंतींची भट्टी तापत नाही. गोवरी धुमसते, तिच्यात रोडगा होतो. जसे जळण तशी पाककृती.

ह्याचा पडताळा पाहावयाचा, तर लाकडाचाच तुटवडा असलेला एखादा दूरचा देश घ्यावा. आयर्लंड आज घरगुती भाजणीसाठी नावाजलेला आहे. पण तेथल्या खेड्यातल्या झोपडीतही पूर्वी भट्टी नव्हती. जंगले तुटलेली, जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली पीट नावाची माती, आपल्या गोवरीसारखी मंद धुमसणारी. तेथल्या बायकांनी काय केले? झाकणाचे लोखंडी भांडे चुलीवर टांगले आणि झाकणावरही निखारे रचले. खालून धग, वरून धग, भट्टी तयार. तेथला गहू मऊ, यीस्टने फुगवण्यास कमकुवत. म्हणून एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा मिळू लागताच त्यांनी तो ताकाशी गाठला आणि त्या भांड्यात सोडा-पाव भाजला.

त्याहून जवळची गोष्ट ओटच्या भाकरीची. ओटचे पीठही ज्वारीसारखेच, न ताणले जाणारे. उत्तर आयर्लंडात ती भाकरी तव्यावर भाजून नंतर विस्तवासमोर लोखंडी घडवंचीला टेकवून उभी करीत, कडक होईपर्यंत. आपल्या चुलीच्या तोंडाशी उभ्या भाकरीचे चित्र डोळ्यांपुढे आणा! ती कडक भाकरी पुष्कळ दिवस टिके, म्हणून देशांतर करणारे लोक जहाजावर ती बरोबर नेत. आपल्या सोलापूर-बार्शीकडची कडक भाकरीही प्रवासाचीच सोबतीण; पाण्याशिवाय बाकी सर्व आठवडे काढणारी. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांतील बायकांनी एकच उत्तर शोधले.

दुष्काळानेही दोन्ही मुलखांना एकसारखे छळले. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पंतप्रधान पील ह्यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला. तो इतका टणक की नीट दळला जाईना, खाल्ला की पोटे बिघडत. लोकांनी त्या पिवळ्या पिठाला ‘पीलचे गंधक’ असे नाव ठेवले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यात अमेरिकेतून मिलो आली, ती लाल ज्वारी. खडी फोडणाऱ्या बायकांना सरकारी सुकडी मिळे आणि घरी ह्या लाल भाकऱ्या. ज्यांनी त्या खाल्ल्या, ते आजही तिचे नाव प्रेमाने घेत नाहीत. त्या धान्याने जीव वाचले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी थापलेल्या हाताला ते पीठ ओळखीचे वाटले नाही, हीही गोष्ट तितकीच खरी.

आयर्लंडच्या उत्तर भागात पुढे बीड आणि पत्र्याचे ओव्हन घरोघर आले, तशी तेथे ताटलीभर थापून चौकोनी कापावयाच्या गोड वड्यांची चाल पडली. देवळातला चहा असो, कोणाच्या घरी मृत्यू झालेला असो, बायका डबा भरून घेऊन जातात. त्यांतल्या एका प्रकाराचे नावच ‘पंधरा’: पंधरा बिस्किटे, पंधरा मार्शमॅलो, पंधरा चेरी, पुस्तक उघडण्याची गरज नाही, आणि गंमत म्हणजे तो भाजावाही लागत नाही. ताटाला तूप लावून थापलेली आणि सुरीने पाडलेली आपली खोबऱ्याची वडी, तिळाची वडी ह्याहून वेगळी नाही. आपल्याकडेही वाटीचे माप तोंडपाठ आणि हळदीकुंकवाचा डबा ठरलेला.

तोंडपाठ असणे हा मात्र धोकाही आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. त्यानंतर मराठीत पाकपुस्तकांचा पूर आला. पण ती बहुधा शहरांतली, पांढरपेशांची. मराठवाड्यातली ज्वारीची चूल त्यांत क्वचित दिसते, आणि गावकुसाबाहेरची तर दिसतच नाही. ही उणीव आपल्याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे ह्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या २०१५ सालच्या पुस्तकाने काही अंशी भरून काढली. कोणाला कोणते अन्न मिळाले आणि कोणाला ते का मिळाले नाही, हे विचारल्याशिवाय खाद्यपरंपरेचा इतिहास लिहू नये, असे ते पुस्तक वाचताना पटते.

परंडा तालुक्यातल्या सोनारीला ही सर्व विद्या अजून एकत्र पाहावयास मिळते. काळभैरवनाथ अनेक घराण्यांचे कुलदैवत. चैत्रातल्या यात्रेला दूरदूरची कुटुंबे येतात. तीन दगडांची चूल मांडावयाची, रानातल्या काटक्या गोळा करावयाच्या, आणि भाकरी थापणारीने एक डोळा तव्यावर व दुसरा माकडांवर ठेवावयाचा, कारण सोनारीची माकडे नैवेद्याची वाट पाहत नाहीत. गावातल्या घरांतून मात्र चूल ओसरत आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यात पोहोचला. धुराने डोळे गेलेल्या आजीला विचारा. चुलीचे गोडवे ती गाणार नाही, आणि आपणही गाऊ नयेत. गॅसवर भाकरी जाळीवर फुगवतात. फुगते ती छान, पण शेकणारी ज्योत उघडी असल्याने डाग लवकर पडतात, म्हणून सुना ती भराभर फिरवतात.

रोडग्याला मात्र गॅसवर जागा नाही. चंपाषष्ठी जवळ आली की अंगणाच्या कोपऱ्यात अजूनही गोवऱ्या रचल्या जातात, आणि निखारा पुरेसा बसला की नाही हे सांगण्यासाठी घरातली सर्वांत म्हातारी बाई बाहेर येऊन बसते. ती हात राखेवर धरते, आकडे मोजत नाही, आणि म्हणते, “आता टाका.”