रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी टीमवर्कचा सराव : व्हर्च्युअल रिॲलिटी प्रशिक्षण

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घरातले माणूस दाखल झाले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आमच्या पेशंटवर विद्यार्थी शिकणार का?" ही शंका रास्त आहे. डॉक्टर आणि नर्स कुठेतरी शिकणारच. पण त्यांच्या पहिल्या चुका खऱ्या रुग्णावर होऊ नयेत, यासाठी आता व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणजे व्हीआरची मदत घेतली जाते.

चूक नेमकी कुठे होते?

दरवेळी ज्ञान कमी पडते असे नाही. अनेकदा सूचना नीट पोहोचत नाही, किंवा चूक दिसूनही कनिष्ठ व्यक्ती बोलायला कचरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा यादी आणली. त्यात टीममधील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगणे, रुग्णाची ओळख मोठ्याने पडताळणे अशा साध्या गोष्टी आहेत. नवी दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

व्हीआरमध्ये सराव कसा होतो?

विद्यार्थी डोळ्यांवर हेडसेट लावतात आणि त्यांना समोर वॉर्ड, रुग्ण, मॉनिटर दिसतो. वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणी असूनही एकाच आभासी खोलीत काम करू शकतात.

समजा, बाळंतपणानंतर आईला जास्त रक्तस्राव होतो आहे. "कोणीतरी ऑक्सिटोसिन द्या," असे डॉक्टर म्हणाले, तर ते कोणी द्यायचे? सरावात विद्यार्थी असे बोलायला शिकतात :

- "सिस्टर, ऑक्सिटोसिन १० युनिट, स्नायूत द्या."
- "ऑक्सिटोसिन १० युनिट, स्नायूत. देते."
- "दिले, डॉक्टर."

ऐकलेले परत बोलून दाखवले की गैरसमज तिथेच पकडला जातो. "डॉक्टर, बीपी उतरतंय, वरिष्ठांना बोलवू या," हे धीटपणे सांगण्याचाही सराव होतो. प्रसंग संपल्यावर शिक्षकांसोबत चर्चा होते : कोण गप्प राहिले, का राहिले? खरे शिकणे बरेचसे या चर्चेतच होते.

मर्यादा कोणत्या?

हेडसेटमुळे काहींना चक्कर किंवा मळमळ होते. पोट हाताने तपासणे, शीर शोधणे, छाती योग्य जोराने दाबणे हे स्पर्शाचे काम आहे. त्यासाठी पुतळ्यावरचा सराव आणि वरिष्ठांच्या देखरेखीखालचा अनुभव लागतोच. केवळ व्हीआरमुळे जास्त रुग्ण वाचतात, असे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा स्वतंत्र भाग आणि कौशल्य प्रयोगशाळा आहेत. व्हीआर ही त्याला जोड आहे, पर्याय नाही.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय करावे?

- नाव, ॲलर्जी, कोणती बाजू हे पुन्हा पुन्हा विचारले तर वैतागू नका. ती सुरक्षिततेची पडताळणी आहे.
- चालू औषधांची यादी जवळ ठेवा. ड्युटी बदलल्यावर नव्या डॉक्टरांना आणि सिस्टरना ती दाखवा.
- सूचना समजली की आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घ्या.
- समोरची व्यक्ती विद्यार्थी आहे का आणि तिच्यासोबत वरिष्ठ कोण आहेत, हे विचारायला संकोच करू नका. विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायचे नसेल तर तसे सांगता येते. त्यामुळे उपचार थांबता कामा नयेत.
- काही चुकते आहे असे वाटले, तर लगेच बोला.

रुग्णाला सगळ्यात जवळून ओळखणारे तुम्हीच असता. म्हणून या टीममध्ये तुमचीही जागा आहे.