भोंगा आणि घंटा : गिरणगावातील शिक्षणाचा इतिहास

शिक्षण समाज बदलते, की समाजाची आहे तीच उतरंड पुन्हा रचते, हा समाजशास्त्रातला जुना वाद आहे. दुर्खीमने शिक्षणाकडे समाजाची मूल्ये पुढच्या पिढीत रुजविण्याचे साधन म्हणून पाहिले. बोर्द्यू आणि पासराँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली असे मांडले, की वरच्या वर्गाच्या घरातली भाषा आणि वळण यांनाच शाळा गुणवत्ता समजते आणि त्या घरात न जन्मलेल्याला कच्चा ठरविते. हे सिद्धान्त मी महाविद्यालयात शिकवितो. पण ते शिकविताना वाटत राहते, की पॅरिसमध्ये हा प्रश्न ग्रंथात येण्याच्या कितीतरी आधी आपल्या परळ-लालबागात तो रोजच्या जगण्यात उभा होता. त्याची उत्तरेही येथे शोधली गेली आहेत. तो इतिहास आपण शिक्षणाच्या चर्चेत क्वचितच वापरतो.

कंपनी सरकारच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सर्वसामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. अवघ्या दोन वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी या व्यवस्थेच्या अर्थकारणावरच बोट ठेवले. सरकारी उत्पन्न कष्टकऱ्यांच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांनी खोडून काढली आणि बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

मुंबईत दारे हळूहळू उघडू लागली. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ भागात सुरू झाली. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. १९२५ साली मुंबई महापालिकेने एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळीच्या कामगार वस्तीत, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. कागदावर पाहिले तर दार उघडले होते. आत काय होते?

आत काय होते हे बाबासाहेबांच्या शाळकरी आयुष्यात दिसते. ते एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले. शाळा सरकारी होती, प्रवेश मिळाला होता. पण एकदा गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी ते घाईघाईने उचलले. संस्कृत शिकायची इच्छा असून फारसी घ्यावी लागली. म्हणजे इमारतीत प्रवेश होता, विषयात नव्हता.

हीच रचना शाळेच्या भिंतीपलीकडे, गिरणीत होती. गिरणीच्या गेटातून महार कामगार आत जात होता, पण विणकाम खात्यात त्याला जागा नव्हती. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार जास्त त्याच खात्यात. मग आमच्या माणसांनी कमी मजुरीच्या सूतकताईच्या रिंग खात्यात राहायचे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा कामगार एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. शाळा आणि गिरणी या दोन वेगळ्या संस्था. पण दोन्हींनी एकच युक्ती वापरली. बाहेरचे फाटक उघडायचे आणि आतले खाते बंद ठेवायचे.

ही युक्ती नेहमी विटाळाच्या नावानेच चालते असे नाही. फी, विषय आणि वेळ यांच्या साध्यासुध्या नियमांतूनही ती चालते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडेच मांडले. या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. या ८२ मुलांना कोणी हाकलले नव्हते. त्यांची नावे पटावर होती. ती 'गळाली' असे आपण म्हणतो, जणू पिकले पान गळावे तशी.

गिरणगावात ही गळती कशी होत असे, ते समजायचे तर भोंगा आणि घंटा शेजारी ठेवून पाहावे लागते. वस्तीचा दिवस भोंग्याने ठरे आणि शाळेचा दिवस घंटेने. दिवसाची शाळा ही ज्याच्या घरी मुलाच्या हातांची गरज नाही, दिवा आहे आणि बसायला कोपरा आहे, त्याच्यासाठी आखलेली. परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा भीमराव संध्याकाळी लवकर झोपे आणि वडील सुभेदार रामजी त्याला रात्री दोन वाजता उठवीत, कारण ती खोली तेव्हाच शांत असे. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथेच गिरगावातल्या विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. आपण ही हकीकत जयंतीच्या भाषणात जिद्दीचा नमुना म्हणून सांगतो. पण ती त्या व्यवस्थेवरचा आरोपही आहे. शिकायचे असेल तर झोपेतून वेळ चोरून आण, असे ती एका मुलाला सांगत होती.

स्वतः बाबासाहेबांनी या अनुभवातून 'माझ्यासारखे सर्वांनी जागा' असा उपदेश काढला नाही. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते आरंभी लष्करी बराकींत. पुढे फोर्टमधल्या बुद्धभवनात आले. तेथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी. १९४७ मध्ये सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. सर्व जातींना प्रवेश आणि भरपूर ग्रंथालय हे तर होतेच. पण माझ्या मते खरी क्रांती वेळापत्रकात होती. तोवर कामगाराने आपला दिवस कॉलेजसाठी मोडावा अशी अपेक्षा होती. येथे कॉलेजने आपला दिवस कामगारासाठी मोडला. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह पुढे दलित पँथरच्या तरुणांचा अड्डा बनले, तेही ओघानेच आले. ज्यांना बसायला जागा आणि वाचायला वेळ मिळाला, ते विचार करू लागले आणि लिहू लागले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे वडील त्यांपैकी एक. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. आई भांडी-धुणी करू लागली आणि पहाटे नळावर नंबर लावून पाणी भरण्याचे काम थोरल्या बहिणीकडे आले. पाणी उशिरा आले की तिला शाळेत उशीर होई आणि उशीर झाला की वर्गाबाहेर उभे राहावे लागे. सातवीनंतर ती गेली नाही. शाळेच्या दप्तरात कारण 'घरगुती' असे लिहिले गेले. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे आमच्या घरात सगळे मान्य करतात. घरातला पहिला पदवीधर मी झालो, कारण माझी पाळी येईतो पाणी भरणारे दुसरे कोणी होते.

आता भोंगे वाजत नाहीत. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे आहेत. पण माझ्या वर्गातली मुले रात्री अकरापर्यंत घरोघर पार्सल पोचवितात, मॉलमध्ये उभी राहतात आणि सकाळी पहिल्या तासाला डोळे चोळीत येतात. ७५ टक्के हजेरी नसलेल्यांची यादी लागते, तेव्हा ती यादी मी वाचतो. ती बरीचशी कमावत्या मुलांची यादी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी रचना आणली. बाहेर पडायला अनेक दारे आहेत, याचे कौतुक होते. या दारांतून बाहेर कोण पडणार, हे विचारायला नको काय? चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची बुडालेली मजुरी. पूर्वी गळालेल्या मुलाला निदान आपण शिक्षणापासून तुटलो हे कळत होते. आता त्याच्या हाती एक प्रमाणपत्र असेल आणि गळतीचा आकडाही दिसणार नाही.

म्हणून शिक्षण क्रांतिकारक की उतरंड टिकविणारे, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. शाळा कोणाचा दिवस प्रमाण मानते, यावर ते ठरते. प्रवेशासाठीचा आपला लढा आवश्यक होता आणि आजही आहे. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांना नियम बदलून कात्री लावली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाला तो बदल रद्द करावा लागला. पण प्रवेशाच्या यादीपाशी आपली मागणी थांबता कामा नये. सकाळचे आणि रात्रीचे वर्ग, रात्री उघडी राहणारी अभ्यासिका, कमावत्या विद्यार्थ्याच्या हजेरीचा वेगळा हिशेब, चौथ्या वर्षाला पुरेल अशी शिष्यवृत्ती, या मागण्या दिसायला लहान आहेत. धोट्याचा प्रश्नही १९२८ साली पुष्कळांना लहानच वाटला होता.

आणि आता वेळापत्रके करणाऱ्या समित्यांवर आपल्यातलेही काही जण बसतात. घंटा आपल्या हाती आली आहे. ती कोणाच्या सोयीने वाजवायची, हे यापुढे आपल्यालाही विचारले जाईल.