ज़िद आणि जिद्द

गेल्या वर्षी सातवीच्या मराठीच्या वह्या तपासत होतो. विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत एका मुलाने शेवटी स्वतःच्या मनाने एक जोडी लिहिली होती : हिंदू × मुसलमान. लाल पेन हातातच राहिले.

हाच धडा उर्दूच्या तासाला घेताना मी फळ्यावर लिहितो, 'अल्फ़ाज़ की ज़िद लिखिए.' ज़िद म्हणजे उलट अर्थाचा शब्द. मूळ अरबी 'ज़िद्द', अनेकवचन 'अज़दाद'. तज़ाद, मुतज़ाद हे शब्दही त्याच धातूचे. सूरह मरियमच्या 82व्या आयतीत तो 'विरोधक' या अर्थाने येतो. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. समोरच्याच्या विरुद्ध अडून बसणे, म्हणून उर्दूत त्याला 'हट्ट' हा अर्थही जडला. मराठीत मात्र त्याचे सोने झाले. गरिबीशी झुंजून शिकणाऱ्या मुलीला आपण कौतुकाने 'जिद्दी' म्हणतो; उर्दूत तेच म्हटले तर ती रुसेल!

अरबीत तर काही शब्द स्वतःच स्वतःची ज़िद आहेत. 'जौन' म्हणजे काळाही आणि पांढराही. अशा शब्दांना 'अज़दाद' म्हणतात. बगदादचे विद्वान इब्नुल अंबारी (मृत्यू इ.स. 940) यांनी त्यांवर 'किताबुल अज़दाद' हा ग्रंथ लिहिला. अशा शब्दांमुळे अरबांच्या भाषेला नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले, की मागचे-पुढचे बोलणे ऐका, अर्थ आपोआप कळतो. आपल्या उर्दूतला 'कल' घ्या. तो गेलेला दिवसही आहे आणि येणाराही. वाक्य ऐकले की कुणाचा घोटाळा होत नाही.

मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या तर्कशास्त्रात, म्हणजे मंतिकमध्ये, आणखी एक बारकावा आहे. एकाच जागी एकाच वेळी नांदू शकत नाहीत त्या दोन गोष्टी एकमेकींच्या ज़िद. जसे काळेपण आणि पांढरेपण. पण पांढरेपण आणि गोडवा? ते वेगळे आहेत, तरी साखरेच्या एकाच दाण्यात सुखाने राहतात. म्हणजे वेगळे असणे निराळे आणि विरुद्ध असणे निराळे. उर्दूत त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत : मुख़्तलिफ़ आणि मुतज़ाद. मराठीतही आहेत. आपण ते वापरताना गल्लत करतो, एवढेच.

त्या मुलाला रागावलो नाही. जवळ बोलावून विचारले, हे कुठून आणलेस? म्हणाला, "सर, टीव्हीवर 'हिंदू विरुद्ध मुस्लिम' असंच लिहून येतं ना?"

मी म्हणालो, "बरं. काळ्याच्या विरुद्ध?"

"पांढरा."

"आंब्याच्या विरुद्ध?"

तो हसला. "सर, आंब्याच्या विरुद्ध काही नसतं. पेरू वेगळा असतो."

मग माझे पेन मागून घेऊन त्याने ती ओळ स्वतःच खोडली.