मद्यमुक्तांच्या सभेचा पूर्वेतिहास

मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांनी एकत्र जमून परस्परांस आधार द्यावा, या प्रथेचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ साली झाला असे मानितात. परंतु एप्रिल १८४० मध्येच बाल्टिमोरच्या एका मद्यगृहात सहा पिणाऱ्यांनी शपथ घेऊन वॉशिंग्टनच्या नावाने मंडळ स्थापिले होते. तोवरचा उपदेशक द्वितीय पुरुषी बोले : तू पिऊ नकोस. या सभेत जो तो प्रथम पुरुषी स्वतःची कहाणी सांगे. हा पालट केवळ व्याकरणाचा नव्हे; सभेचे सारे बळ त्यातच होते. मात्र मंडळ मद्यबंदीच्या वादांत गुंतले आणि काही वर्षांतच बहुतेक ठिकाणी विरले.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ व्यवहारात अपयश येऊन ॲक्रनच्या हॉटेलात एकटा पडला. मद्य सोडून जेमतेम पाच महिने लोटलेले, आणि पानगृह जवळच. त्याने धर्मोपदेशकास दूरध्वनी केला; पण उपदेशासाठी नव्हे, कोणी मद्यपी भेटावा म्हणून! त्या शोधातून शस्त्रवैद्य रॉबर्ट स्मिथ भेटला. पाव तासाच्या बोलीने आलेला स्मिथ रात्रीपर्यंत बसून राहिला. पुढच्याच महिन्यात त्याने अखेरचा पेला घेतला, आणि १० जून हा ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा स्थापनादिन ठरला.

बाल्टिमोरची उणीव या मंडळींनी टाळिली. १९५० साली क्लीव्हलँड येथे स्वीकारलेल्या बारा परंपरांनुसार बाहेरील वादांवर संस्था मत देत नाही, आणि सदस्यत्वास मद्य सोडण्याची इच्छा तेवढी पुरते.