सुपर मारिओ ऑल-स्टार्स : चार जुने मारिओ एका कॅसेटमध्ये, पण ते तेच मारिओ आहेत का?

सुपर मारिओ ऑल-स्टार्स हे निन्टेंडोने १९९३ साली सुपर निन्टेंडो या १६-बिट कन्सोलसाठी काढलेलं संकलन आहे. जपानमध्ये त्याचं नाव सुपर मारिओ कलेक्शन. आधीच्या ८-बिट कन्सोलवरचे (जपानमध्ये फॅमिकॉम, अमेरिकेत एनईएस) चार प्लॅटफॉर्म गेम त्यात आहेत: सुपर मारिओ ब्रदर्स, त्याचाच अवघड भाऊ द लॉस्ट लेव्हल्स, सुपर मारिओ ब्रदर्स २ आणि सुपर मारिओ ब्रदर्स ३. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे काय हे ज्यांना शब्दाने माहीत नाही त्यांना हाताने नक्की माहीत असेल: पळायचं, उडी मारायची, खड्डा चुकवायचा, शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा.

हे जुनं प्रकरण आज का काढलं? कारण हे संकलन २०२० पासून स्विचच्या ऑनलाइन सबस्क्रिप्शनमध्ये आहे, आणि "मारिओ पहिल्यापासून खेळायचाय, कुठून सुरू करू?" असं मला हल्ली बरेच जण विचारतात. ऑल-स्टार्स हे त्याचं सोपं उत्तर आहे. पण त्यात एक गोम आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

संकलन की नवी आवृत्ती?

आजकाल जुन्या गेमचं संकलन निघतं तेव्हा आत बहुतेक वेळा इम्युलेटर असतो. म्हणजे नव्या मशीनवर जुन्या मशीनची नक्कल चालते आणि तिच्यावर मूळ गेम जसाच्या तसा. ऑल-स्टार्स तसं नाही. चारही गेमची चित्रं नव्याने काढली आहेत, पार्श्वभूमीला खोली दिली आहे (मारिओ पळतो तेव्हा मागचे डोंगर हळू सरकतात), आणि कोजी कोंडो यांचं संगीत नव्या ध्वनी चिपसाठी परत बांधलं आहे. मूळ मशीनमध्ये आवाजाचे पाच चॅनल होते, इथे आठ, तेही वाद्यांचे नमुने वाजवणारे. त्यामुळे जमिनीखालच्या लेव्हलमध्ये घुमल्यासारखा आवाज येतो आणि तो खरंच छान वाटतो.

मूळ सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. ३२ किलोबाइट प्रोग्राम, ८ किलोबाइट चित्रं, संपलं. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो! जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांना एकच आकार वापरला आहे, फक्त रंग वेगळा. एकदा लक्षात आलं की नंतर ते दिसतच राहतं. १९९३ मध्ये अशी काटकसर करायची गरज नव्हती, त्यामुळे सगळं गुबगुबीत आणि रंगीत झालं.

मारिओ ३ मध्ये तर फायदा आणखी मोठा आहे. मूळ गेममध्ये स्क्रीनच्या कडेला चुकीच्या रंगाचे चौकोन चमकताना दिसतात. ती तुमच्या टीव्हीची चूक नाही. एनईएसमध्ये पार्श्वभूमीचा रंग १६ बाय १६ पिक्सेलच्या तुकड्यांवर ठरतो आणि स्क्रीनचा नकाशा ठेवायला फक्त २ किलोबाइट मेमरी असते. आडवं आणि उभं दोन्हीकडे सरकणारा गेम त्यात बसवताना कडेचा थोडा भाग उघडा पडायचाच. जुन्या काचेच्या टीव्हीत ती कड चौकटीआड लपायची, एलसीडीवर उघडी दिसते. ऑल-स्टार्समध्ये ही भानगडच नाही.

विटेचा प्रश्न

आता ती गोम. मूळ गेममध्ये मोठा मारिओ वीट फोडतो आणि लगेच खाली येतो. ऑल-स्टार्समध्ये वीट फुटल्यावर तो तसाच थोडा वर जात राहतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण वीट फोडून लगेच पुढच्या शत्रूवर उतरायचं, हा या गेमचा ताल आहे. जमिनीवर यायला जरा जास्त वेळ लागला की तो ताल तुटतो. १-२ मध्ये डोक्यावर विटांचं छतच आहे, तिथे हे लगेच जाणवतं. जुना गेम हातात बसलेला माणूस सुरुवातीला "कंट्रोलर खराब आहे" असंच म्हणतो.

हे मला इंजिनिअर म्हणून फार रंजक वाटतं. दोन्ही मशीनचे प्रोसेसर एकाच घराण्यातले आहेत: एनईएसचा ६५०२ जातीचा, सुपर निन्टेंडोचा त्याच्याच पुढच्या पिढीचा ६५८१६. म्हणजे जुन्या कोडचा सांगाडा घेऊन पुढे जाणं शक्य होतं. तरीही एवढ्या महत्त्वाच्या ठिकाणी वागणूक बदलली. आमच्या क्षेत्रात जुनी सिस्टिम नव्यावर नेताना हेच होतं. स्क्रीन छान दिसते, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि मग वीस वर्षं तेच सॉफ्टवेअर वापरणारे अकाउंट्सचे काका म्हणतात, "एंटर दाबल्यावर कर्सर पूर्वीसारखा जात नाही." काकांचं म्हणणं बरोबरच असतं. ती गोष्ट कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते, फक्त त्यांच्या बोटांत असते.

काही गोष्टी मात्र मुद्दाम बदलल्या आहेत. ७-४ सारख्या भूलभुलैया किल्ल्यात आता वाट बरोबर की चूक हे आवाजावरून कळतं. मूळ गेममध्ये काहीच कळायचं नाही, गोल गोल फिरत बसायचं. मला हा बदल पटतो. पण मायनस वर्ल्ड काढून टाकलं, ते नाही पटलं. १-२ च्या शेवटी भिंतीतून विशिष्ट पद्धतीने घुसलं तर तुम्ही एका न संपणाऱ्या पाण्याच्या लेव्हलमध्ये जायचा आणि वर नाव दिसायचं "-१". खरं तर ते ३६ वं वर्ल्ड होतं. आकडा दाखवणारा कोड ३६ क्रमांकाचं चित्र उचलायचा, आणि ते चित्र निघालं कोरं! म्हणून फक्त रेघ आणि एक. सॉफ्टवेअर आतून कसं चालतं हे शिकवणारा इतका गमतीदार बग दुसरा मला माहीत नाही.

आपला मारिओ नेमका कोणता?

इथे थोडं आपल्याकडचं सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत मारिओ आला तो निन्टेंडोच्या खोक्यातून नाही, तर फॅमिकॉमची नक्कल असलेल्या स्वस्त व्हिडिओ गेममधून. त्याला लागायच्या त्या कॅसेट. आत फीत वगैरे नाही, रॉम चिप, पण शब्द तोच रूढ झाला. "९९९९ इन १" लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजके गेम परत परत असायचे, पण मारिओ आणि काँट्रा नक्की. आमच्याकडेही असाच एक होता आणि दुसरा कंट्रोलर कायम मला मिळायचा, दादा आउट होईपर्यंत.

या नकली मशीनमध्ये सगळे भाग एकाच चिपमध्ये, काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली बसवलेले असायचे. आणि त्यातल्या बऱ्याच चिपमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार अदलाबदल झालेले होते. म्हणून त्या मशीनवर वाढलेल्यांना मारिओचं जे संगीत पाठ आहे, ते मूळ संगीतापेक्षा सूर तेच ठेवून पोत जरा निराळा असलेलं आहे. यूट्यूबवर मूळ ऐकून "काहीतरी वेगळं वाटतंय" असं झालं असेल तर तुमचे कान ठीक आहेत. पण वीट मात्र त्या नकलीतही मूळ गेमसारखीच फुटायची, कारण गेमचा कोड तोच होता. म्हणजे विटेच्या बाबतीत आपली स्वस्त कॅसेट निन्टेंडोच्या अधिकृत संकलनापेक्षा मूळ गेमला जास्त प्रामाणिक होती.

मधले दोन गेम

द लॉस्ट लेव्हल्स १९८६ मध्ये जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स २ या नावानेच आला होता. विषारी मशरूम, मध्येच सुटणारा वारा, आणि पुढे नेण्याऐवजी मागे नेऊन टाकणारा वार्प झोन! निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या हॉवर्ड फिलिप्स यांनी तो खेळून पाहिला आणि तिकडच्या खेळाडूंना हा छळ वाटेल असं मत दिलं. मग अमेरिकेसाठी वेगळाच गेम घेतला: फुजी टेलिव्हिजनच्या युमे कोजो '८७ या उपक्रमासाठी बनवलेला डोकी डोकी पॅनिक. त्यातली पात्रं काढून मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या घातली, आणि १९८८ मध्ये तो सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून विकला. भाज्या उपटून फेकायचा हा गेम बाकी मारिओंपेक्षा इतका वेगळा का, त्याचं कारण हे.

जपानबाहेरच्या लोकांना लॉस्ट लेव्हल्स अधिकृतपणे पहिल्यांदा मिळाला तो ऑल-स्टार्समध्येच. माझ्या मते या संकलनाचं सगळ्यात मोठं काम हे आहे, नवी चित्रं नव्हे. शिवाय गेम सेव्ह करता येतो, आणि लॉस्ट लेव्हल्समध्ये तर लेव्हलनुसार. ती सोय नसती तर मी वर्ल्ड ४ च्या पुढे गेलेच नसते. मारिओ २ मध्ये जीव गेल्यावर पात्र बदलता येतं हीसुद्धा इथलीच भर आहे.

मग खेळायचं काय?

स्विच ऑनलाइनच्या साध्या प्लॅनमध्ये एनईएस आणि सुपर निन्टेंडो ही दोन्ही ॲप मिळतात. पहिल्यात हे चारही गेम मूळ रूपात आहेत, दुसऱ्यात ऑल-स्टार्स. म्हणजे तुलना घरबसल्या करता येते. माझी शिफारस: पहिला मारिओ एनईएस ॲपमध्येच खेळा. अवघड वाटला तर रिवाइंड आहे, चूक झाली की काही सेकंद मागे जाता येतं. लॉस्ट लेव्हल्स आणि मारिओ ३ ऑल-स्टार्समध्ये खेळा. मारिओ २ कुठेही चालेल, पण लहान मुलं असतील तर ऑल-स्टार्स. आणि टीव्हीवर खेळणार असाल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि बोल मारिओला लागतो.

दोन्ही रूपं शेजारी शेजारी मिळणं ही गोष्ट गृहीत धरू नका. २०१० मध्ये मारिओच्या पंचविशीला निन्टेंडोने वी कन्सोलसाठी ऑल-स्टार्स पुन्हा काढलं, तेव्हा डिस्कवर फक्त ही १९९३ ची आवृत्ती होती, मूळ गेम नव्हते. पस्तिशीला सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स आलं: मारिओ ६४, सनशाइन आणि गॅलेक्सी. १८ सप्टेंबर २०२० ला विक्री सुरू, ३१ मार्च २०२१ ला बंद. डिजिटल गेम, ज्याचा स्टॉक संपू शकत नाही, तो तारीख ठरवून काढून टाकला. सबस्क्रिप्शनचंही तेच आहे, तुम्ही भाडं भरताय, मालक नाही. उद्या त्यातलं एक रूप काढलं, तर नव्या मुलांसाठी उरलेलं रूप म्हणजेच "मूळ मारिओ" ठरेल.

म्हणून काही जण जुनं कार्ट्रिजच शोधतात. तसं करायचं असेल तर आधी तीन गोष्टी तपासा. अमेरिकन कार्ट्रिजचा आकार जपानी कन्सोलमध्ये बसत नाही. युरोपातली आवृत्ती ५० हर्ट्झची असल्याने संथ चालते. आणि सेव्हसाठी आत एक छोटी बॅटरी असते, ती तीस वर्षांत बहुधा संपलेली असते. नवी बसवायची तर सोल्डरिंग लागतं. मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही ओळखीचा असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.